पाठमोरा कर्णधार

हॉकीपटू धनराज पिल्लेबद्दल बोलताना दोनच गोष्टी निघतात: त्याचा वेग आणि त्याचा राग. कर्णधार म्हणून तो मैदानावर नेमकं काय करत होता, हे फारसं कुणी बघत नाही. हॉकीत फॉरवर्डला, म्हणजे आघाडीच्या खेळाडूला, कर्णधार करणं मुळातच अडचणीचं असतं. गोलकीपर किंवा फुलबॅकच्या (मागच्या बचावपटूच्या) समोर सगळं मैदान पसरलेलं असतं. फॉरवर्डचा संघ त्याच्या पाठीमागे असतो. ९१.४० मीटर लांबीच्या मैदानात आपली बचावफळी कुठे फाटली आहे, हे कळायला त्याला मान वळवावी लागते, आणि तेवढ्यात चेंडू निघून गेलेला असतो.

म्हणून आधी त्याचा खेळ बघू. १६ जुलै १९६८ला खडकीत जन्मलेला हा मुलगा ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानांवर, मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन शिकला. मातीवर चेंडू सरळ येत नाही, खड्ड्यावर उडतो. तिथे हात सैल ठेवल्याशिवाय चेंडू स्टिकला टिकत नाही. हीच सवय पुढे टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, कामाला आली.

ड्रिबलिंगमध्ये स्टिक फिरवतो तो वरचा, म्हणजे डावा हात. उजवा हात नळीसारखा सैल, स्टिक त्यातून नुसती फिरते. शिकणाऱ्यांची हमखास चूक इथेच होते: उजव्या हाताने स्टिक आवळली की ती अर्धीच वळते आणि रिव्हर्सला, म्हणजे स्टिक उलटी करून खेळताना, चेंडू कडेला लागून निसटतो. दुसरी चूक चेंडू पायाजवळ ठेवण्याची. मग नजर खाली जाते आणि मोकळा साथीदार दिसत नाही. पळताना चेंडू शरीरापुढे, किंचित उजवीकडे हवा. डॉजची, म्हणजे हुलकावणीची, वेळही ठरलेली असते. बचावपटूच्या स्टिकच्या टप्प्यात शिरायच्या जेमतेम आधी चेंडू ओढायचा. लवकर ओढला तर तो सावरतो, उशीर झाला तर त्याचा जॅब, म्हणजे स्टिक झटकन पुढे करून मारलेला टोचा, लागतो. धनराजचं खरं हत्यार मात्र डॉज नव्हतंच, डॉजनंतरची पहिली चार पावलं होती. बचावपटू वळेपर्यंत हा डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, तोंडाशी.

मोठ्या भावामागोमाग तो मुंबईला गेला, महिंद्राकडून खेळला आणि १९८९मध्ये भारताच्या संघात आला. १९९४च्या सिडनी विश्वचषकानंतर निवडलेल्या जागतिक संघात तो एकटाच भारतीय होता. चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी, चार आशियाई स्पर्धा आणि ३३९ सामने अशी ही कारकीर्द. त्याच्या गोलांचा मात्र अधिकृत हिशेब नाही. सामने मोजले आणि गोल मोजले नाहीत, हे आपल्याकडेच होऊ शकतं.

मधल्या काळात एक नियम बदलला आणि तो त्याच्या पथ्यावर पडला. १९९६पासून ऑफसाइड, म्हणजे बचावपटूंच्या मागे गोलजवळ चेंडूची वाट बघत थांबायला मनाई करणारा नियम, गेला. एक फॉरवर्ड थेट गोलजवळ उभा राहू लागला, त्याला राखायला बचाव खोल सरकला आणि मधली जागा उघडी पडली. चेंडू घेऊन पळणाऱ्याला याहून काय हवं? तोटाही होता. टर्फवर दोघं मिळून घेरू लागले, आणि चेंडू एक क्षण जास्त ठेवला की तो गेलाच. धनराज बऱ्याचदा तो क्षण जास्त घ्यायचा, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवं.

आता कर्णधारपद. नियमानुसार कर्णधाराच्या दंडावर पट्टा असतो. संघाच्या वर्तनाची आणि बदली खेळाडू नीट उतरण्याची जबाबदारी त्याची. त्यात चूक झाली तर कार्ड त्यालाही मिळू शकतं. रोलिंग बदल (खेळ चालू असताना कितीही वेळा खेळाडू बदलणं) आल्यावर तर हे निस्तरणं आणखी किचकट झालं. हे झालं कागदावरचं. पुढे उभ्या कर्णधाराच्या हातात खरी सत्ता असते ती प्रेसची, म्हणजे चेंडू असलेल्या प्रतिस्पर्ध्यावर पुढूनच दबाव आणण्याची. समोरच्याने मागून खेळ सुरू केला की त्याला त्याच्याच पंचवीस यार्डात (त्याच्या गोलकडच्या पट्ट्यात) गाठायचं की मध्यरेषेवर थांबायचं, हे पहिला फॉरवर्ड ठरवतो. फुलबॅकने चेंडू रिव्हर्सला घेतला किंवा तो त्याच्या स्टिकवरून उडाला, की धावायचं. पण एकट्याने नाही. एक धावला आणि उरलेले दोघे उभे राहिले, तर एकाच पासमध्ये तिघेही खेळाबाहेर जातात आणि मागच्या हाफवर, म्हणजे मधल्या फळीवर, ओझं पडतं. पुढचा कर्णधार धावला तर बाकीचे न सांगता धावतात. धनराजचं नेतृत्व मला इथे दिसतं. भाषणात नाही.

डिसेंबर १९९८, बँकॉकची आशियाई स्पर्धा. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाशी १-१ बरोबरी झाली आणि निकाल पेनल्टी स्ट्रोकवर गेला. ६.४० मीटरवरून मारायचं, गोलकीपरचे पाय रेषेवर, मारणाऱ्याने फसवी हालचाल केलेली चालत नाही. त्या वेळी कर्णधार कितीही वेगवान असो, सगळं गोलकीपर आशिष बल्लालच्या हातात होतं. भारत ४-२ने जिंकला. याआधीचं आशियाई सुवर्णही बँकॉकलाच, १९६६मध्ये मिळालं होतं.

त्यानंतर धनराजसह काही ज्येष्ठ खेळाडू संघातून बाहेर गेले. कारण दिलं गेलं विश्रांतीचं. सुविधा आणि सामन्यांच्या मानधनाबद्दल तो उघडपणे बोलला होता, त्यामुळे त्या कारणावर फार कमी जणांनी विश्वास ठेवला. संघासाठी तोंड उघडणं हे कर्णधाराचंच काम. फक्त त्याचं बिल त्याच्याच नावावर फाटतं.

तो परतला. २००३मध्ये क्वालालंपूरला त्याच्या नेतृत्वाखाली भारताने पाकिस्तानला ४-२ने हरवून पहिल्यांदा आशिया चषक जिंकला. पुढच्या वर्षी अथेन्सला तो चौथं ऑलिम्पिक खेळला, तेव्हा पट्टा दिलीप तिर्कीच्या दंडावर होता. तिर्की फुलबॅक.