उजनी हलली त्याची गोष्ट

नववीच्या वर्गाला उजनी दाखवायची होती. पुस्तकातल्या नकाशात ती बोटाच्या नखाएवढी निळी चिकटपट्टी. १९८० साली पूर्ण झालेलं धरण, नाव सगळ्यांना पाठ, पण उन्हाळ्यात त्याचं पाणी किती मागं सरकतं हे आमच्या सोलापूरच्या पोरांनी बघितलेलं नसतं.

गूगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रं बघता येतात. पट्टीवरचा घड्याळाचा आयकॉन दाबायचा आणि तारीख मागं सरकवायची. मी एक भर उन्हाळ्यातलं आणि एक पावसाळ्यानंतरचं चित्र निवडलं. विंडोज, शिफ्ट, एस दाबून माउसनं चौकोन ओढला, दोन्ही चित्रं घेतली, एकामागोमाग स्लाइडवर टाकली. पुढची-मागची स्लाइड भराभर दाबली की पाणी भरल्यासारखं, उतरल्यासारखं दिसावं, एवढीच अपेक्षा.

वर्गात बटण दाबलं, तर पाण्यासकट रस्ते, शेतं, गावं सगळंच डावीकडं उडालं. मागच्या बाकावरून आवाज, "सर, भूकंप आला की ओ!" पुढची पाच मिनिटं गेली हसण्यात.

चूक माझ्या हाताची. हातानं ओढलेले दोन चौकोन कधीच तंतोतंत सारखे येत नाहीत. त्यात नकाशाही मधे जरासा फिरला होता. आता असं करतो: आधी आर दाबतो, म्हणजे उत्तर वर येते आणि नजर सरळ वरून होते. मग हवं तेवढं झूम करून माउस बाजूला ठेवतो. फक्त तारीख बदलतो आणि दर वेळी ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन. त्यानं अख्खी खिडकीच टिपली जाते, त्यामुळं दोन्ही चित्रांचं माप एकच. कापायचं असेल तर स्लाइडवर नेल्यावर, दोन्ही अगदी सारख्याच मापानं. खाली चित्र कुणाचं ते लिहिलेली ओळ मात्र कापत नाही. पोरांनाही ती वाचायला लावतो.

आणखी एक. झूम आधी, कॅप्चर नंतर. लहान घेतलेलं चित्र स्लाइडवर ताणलं की गावांची नावं पुसट होतात, आणि आमचा प्रोजेक्टर तर जुना, १०२४ बाय ७६८ चा. फाइल पीएनजीच ठेवतो. जेपीजीत अक्षरांच्या कडेला धुरळा बसतो. शाळेच्या संगणकावर न्यायला एकदा व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं, तर त्यानं चित्र दाबून पार चटणी केली. तेव्हापासून डॉक्युमेंट म्हणून पाठवतो, नाहीतर पेनड्राइव्ह.

दुसऱ्या खेपेला उजनी जागची हलली नाही. पाणी तेवढं पसरलं, आटलं, परत पसरलं. भूकंपवालाच उठला. "सर, औंदा आमच्याकडं तर पाऊसच नव्हता. मग हे भरलं कसं?"

मी खिडकी परत उघडली आणि भीमेच्या काठाकाठानं वर सरकत निघालो, दौंडवरून, मुळा-मुठा भीमेला मिळते तिथून, पार घाटापर्यंत. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा आम्ही भीमाशंकरच्या जंगलात होतो.