कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरची मागची बाजू: लिंकेज आणि बॅकहो आलटून पालटून लावण्याची व्यवस्था

मागच्या नोंदीपर्यंत पुढचा लोडर बसवून झाला होता. आता ट्रॅक्टरची मागची बाजू. पंचवीस अश्वशक्तीच्या वर्गातला हा कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर आग्नेय मिशिगनमध्ये, चिकणमाती आणि हिमनद्यांनी आणून टाकलेले गोटे यांनी भरलेल्या जमिनीवर काम करतो. यंदाचे मुख्य काम म्हणजे घरापासून मागच्या शेडपर्यंत पाण्याची नळी नेणे. येथे बांधकामाच्या नियमांत जमीन गोठण्याची खोली ४२ इंच धरली जाते, तेव्हा नळी त्याखालीच हवी, आणि एवढा खोल चर फावड्याने खणण्याचे माझे वय उरलेले नाही. दुसरीकडे त्याच ट्रॅक्टरला गवत कापण्याचे रोटरी कटर आणि खडीचा रस्ता सारखा करण्याचे बॉक्स ब्लेडही लागते. म्हणून प्रश्न नुसता बॅकहो, म्हणजे मागे लावायचे खोदयंत्र, लावण्याचा नव्हता. बॅकहो आणि थ्री-पॉइंट लिंकेज (औजारे अडकवण्याची मागची तीन टोकांची जोडणी) यांनी एकमेकांना जागा करून द्यावी आणि ही अदलाबदल एकट्या माणसाला मदतनिसावाचून करता यावी, असा होता.

थेट लिंकेजला अडकवता येतील असे बॅकहो बाजारात कमी किमतीत मिळतात. ते मी विचारात घेतले आणि बाजूला ठेवले. हॅरी फर्ग्युसन यांची ही जोडणी १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ९एन ट्रॅक्टरमुळे सर्वदूर पोहोचली, पण तिची मूळ कल्पना नांगर ओढण्याची आहे. ओढताना खालच्या दोन लिंकांवर ताण येतो, वरच्या टॉप लिंकवर दाब येतो, आणि नांगर स्वतःच्या वजनाने व मातीच्या ओढीने खालीच राहू पाहतो. हायड्रॉलिक लिफ्टला फक्त उचलून धरायचे असते. खाली दाबून धरण्याची सोय बहुतेक ट्रॅक्टरांच्या लिफ्टमध्ये नसतेच. बॅकहोचे बूम, म्हणजे खोदण्याचा मोठा हात, खाली दाबले की जमीन त्याला वर ढकलते, खालचे लिंक वर जायला मोकळे असतात, सगळा दाब एकट्या टॉप लिंकवर जातो, आणि तो वाकला किंवा त्याची पिन निसटली तर बॅकहोवर बसलेला माणूस सांगाडा आणि रोप्सची (ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचवणारी) कमान यांच्यामध्ये सापडतो. शिवाय हे सारे धक्के मागच्या गिअर पेटीच्या ओतीव लोखंडात एकाच ठिकाणी शिरतात. पोटाखालून पुढपर्यंत जाणारी सबफ्रेम असेल तर तोच भार लोडरच्या कंसापर्यंत वाटला जातो. पैसे जास्त गेले, पण या बाबतीत काटकसर करू नये असे माझे ठाम मत आहे.

सबफ्रेम बसवताना घाई टाळण्याची जागा एकच, ती म्हणजे बोल्ट आवळण्याचा क्रम. ट्रॅक्टर सपाट काँक्रीटवर उभा करून, चाकांना लाकडी ठोकळे लावून, दोन्ही बाजूंचे बीम चाकांच्या जॅकवर ठेवून पोटाखाली सरकवले. जेथे लोखंडाला लोखंड टेकणार आहे तेथला जाड रंग आधी खरवडून काढला, कारण रंगाचा थर कामाच्या हादऱ्यांनी चुरला जातो आणि वर आवळलेला बोल्ट आपोआप सैल पडतो. सगळे बोल्ट प्रथम हातानेच फिरवून धरले. मागचा आडवा तुकडा बसला आणि दोन्ही बीम समांतर आहेत हे कर्णाची मापे घेऊन पाहिले, मगच टॉर्क पाना हाती घेतला. आकडे पुस्तिकेतलेच वापरावेत. बोल्टच्या डोक्यावर १०.९ कोरलेले असेल तर त्याच्या जागी हाताशी आहे म्हणून ८.८ चा बोल्ट घालू नये. पहिल्या काही तासांच्या खोदकामानंतर पुन्हा पाना लावला तेव्हा डाव्या बाजूचे दोन बोल्ट थोडे फिरले, बाकीचे जागचे हलले नाहीत.

हायड्रॉलिकचा भाग सर्वांत जास्त समजून घ्यावा लागला. या आकाराच्या बहुतेक ट्रॅक्टरांप्रमाणे आमच्याही ट्रॅक्टरची यंत्रणा ओपन सेंटर आहे, म्हणजे इंजिन चालू असेपर्यंत तेल अखंड फिरत असते आणि एका व्हॉल्व्हमधून निघून पुढच्यात जाते. पंपाकडून आलेले तेल लोडरच्या व्हॉल्व्हमधून बाहेर पडते, तेथून बॅकहोच्या व्हॉल्व्हमध्ये जाते आणि परत येऊन मागच्या लिफ्टला मिळते. बॅकहोच्या व्हॉल्व्हला त्यासाठी तीन तोंडे लागतात: दाबाचे तेल आत येण्याचे, पुढच्या यंत्रणेसाठी बाहेर जाण्याचे, म्हणजे पॉवर बियॉन्ड, आणि सिलिंडरांतून परतलेले तेल सरळ टाकीत सोडण्याचे. पॉवर बियॉन्डची आतली स्लीव्ह नसलेला व्हॉल्व्ह या साखळीच्या मध्ये बसवला, तर लिफ्टवर भार येताच परतीच्या कप्प्यात दाब चढतो आणि सील फुटतात. जुना बॅकहो घेऊन नव्या ट्रॅक्टरला लावू पाहणाऱ्यांनी हे आधी तपासावे.

बॅकहो काढल्यावर हीच साखळी तुटता कामा नये. ट्रॅक्टरच्या बाजूची दाबाची आणि लिफ्टकडे परतणाऱ्या तेलाची क्विक कपलर (झटपट जोडता येणारी) तोंडे एकमेकांना जोडूनच इंजिन चालू करायचे. ती सुटी राहिली तर तेलाला वाट उरत नाही, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह किंचाळू लागतो आणि तेल तापते. मी प्रत्येक होज पाइपाच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची प्लॅस्टिकची पट्टी बांधली आहे. विक्रेत्याने पाठवलेल्या कपलरांपैकी एक नर तोंड दिसायला सारखे पण वेगळ्या मानकाचे निघाले. ते अर्धवट आत जाई आणि अडकल्यासारखे वाटे, मात्र बाहेरची कडी पुढे सरकत नव्हती. कडी पूर्ण पुढे येऊन टिक असा आवाज झाल्याखेरीज जोड बसला असे मानू नये. उन्हात ठेवलेल्या बॅकहोच्या होजमध्ये तेल प्रसरण पावून दाब अडकतो, तेव्हा कपलर कितीही ढकलला तरी जात नाही. अशा वेळी बॅकहो चालवण्याचे सगळे दांडे दोन-तीनदा इकडेतिकडे हलवले की दाब उतरतो. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून, बोट लावून कधीही नाही. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारे तेल कातडीखाली शिरले तर ती तातडीच्या शस्त्रक्रियेची बाब असते.

आता प्रत्यक्ष जोडणी. बॅकहो स्वतःच्या दोन स्टॅबिलायझरांवर, म्हणजे बाजूच्या पायांवर, आणि बकेटवर उभा राहतो. ट्रॅक्टर सरळ मागे घ्यायचा, साधारण वीतभर अंतरावर थांबून होज जोडायचे, आणि मग पुढचे काम बॅकहोच्याच ताकदीने करायचे. स्टॅबिलायझर हळूहळू उचलले की सांगाड्याची खालची पकड सबफ्रेमच्या आडव्या दांड्यावर उतरते. नंतर बूम किंचित खाली दाबले की सगळा सांगाडा त्या दांड्याभोवती पुढे झुकतो आणि वरची भोके समोरासमोर येतात. पहिल्यांदा उजवे भोक बरोबर जुळले, तर डाव्या भोकात सबफ्रेमच्या पत्र्याची चंद्रकोरीएवढी कड दिसत राहिली. हातोडा मारण्याचा मोह होतो, पण पिन ठोकून बसवली तर काढताना दुप्पट ठोकावी लागते. डावा स्टॅबिलायझर केसभर खाली सोडला, कड नाहीशी झाली, आणि ग्रीस लावलेली पिन दोन बोटांनी आत गेली. तेव्हापासून बॅकहो ठेवण्याची जागा काँक्रीटची आणि पाणसळीने तपासलेली अशी ठरवून टाकली आहे. मातीवर ठेवला तर एक पाय खचतो आणि पुढच्या वेळी हा खेळ पुन्हा सुरू होतो. भोके जुळली आहेत का हे पाहण्यासाठी त्यांत बोट घालू नये, हे वेगळे सांगायला नको.

बॅकहो लावण्यापूर्वी खालचे लिंक आणि टॉप लिंक काढून ठेवावे लागतात, कारण सबफ्रेमचा मागचा भाग तीच जागा घेतो. परत लावताना वेळ वाचावा म्हणून लिंकेजवर क्विक हिच, म्हणजे औजार झटपट अडकवण्याची चौकट, बसवले. आमची जोडणी कॅटेगरी १ ची, म्हणजे खालच्या पिनांचा व्यास २२ मिमी आणि वरच्या पिनेचा १९ मिमी. नाशिककडच्या द्राक्षबागांत फिरणाऱ्या लहान ट्रॅक्टरांवरही हीच कॅटेगरी किंवा तिची अरुंद आवृत्ती आढळते. क्विक हिचच्या खालच्या हुकांत मात्र ३६.५ मिमीचे बुश (पिनेवरची नळी) चढवल्याशिवाय पिन खुळखुळते. वरचा हुक खालच्या दोन हुकांपासून १५ इंच उंचीवर असतो आणि प्रत्येक औजार या मापात बनवलेले नसते. बॉक्स ब्लेड बुश घालताच बसले. रोटरी कटरचा वरचा कंस झुलता असल्यामुळे त्याला वेगळे जोडपट्टीचे तुकडे लावावे लागले, नाहीतर खाचखळग्यांवर कटरची शेपटी तरंगत राहत नाही.

क्विक हिचमुळे औजार सुमारे चार इंच मागे जाते, याचा पीटीओ शाफ्टवर, म्हणजे इंजिनाची ताकद औजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, परिणाम होतो. जास्तीत जास्त लांबीच्या स्थितीत दोन्ही नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश राहिल्या पाहिजेत, आणि लिफ्ट वर-खाली करताना सर्वांत जवळच्या स्थितीत नळीचे टोक तळाला टेकता कामा नये. पूर्वी शाफ्ट आखूड कापलेला असेल तर हे चार इंच महागात पडतात. आमचा पुरला. कटर आडवा हलू नये म्हणून साखळ्यांऐवजी खालच्या लिंकांना बाजूने धरणारे सरकते स्टॅबिलायझर (बॅकहोचे पाय नव्हेत) वापरले आहेत. साखळ्यांपेक्षा ते नक्कीच बरे.

बॅकहो मागे असताना लोडरला वेगळे प्रतिवजन लागत नाही. तो उतरवला की गोटे उचलताना मागची चाके हलकी पडतात, म्हणून मागच्या टायरांत बीटच्या रसापासून केलेला द्राव भरून घेतला. तो एका गॅलनला सुमारे ११ पौंड भरतो आणि इथल्या थंडीत गोठत नाही, शिवाय रिम गंजवत नाही.

खोदण्याआधी ८११ वर, म्हणजे जमिनीखालच्या तारा-नळ्यांवर खुणा करून देणाऱ्या सेवेला, फोन केला. मिशिगनमध्ये ही सेवा मिस डिग पाहते आणि किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवावे लागते. लाल रंगाची खूण विजेची, पिवळी गॅसची, केशरी दूरसंचाराची, निळी पिण्याच्या पाण्याची. आमच्या चराच्या वाटेवर पिवळी रेघ आडवी आली. खुणेच्या दोन्ही बाजूंना ४८ इंचांचा पट्टा जपण्याचा असतो, म्हणून तेवढा भाग हाताने, सावकाश उघडला. वयाचे कारण तिथे चालले नाही. खासगी जोडण्या, म्हणजे आपणच शेडपर्यंत नेलेली वीज किंवा गॅसची नळी, या खुणांत धरल्या जात नाहीत. त्या आपल्या आपण शोधाव्यात.

दांड्यांची मांडणी बॅकहोची पारंपरिक आहे: डाव्या हातात बूम आणि वळण, उजव्या हातात डिपर (बूमच्या पुढचा हात) आणि बकेट. एक्स्कॅव्हेटर चालवलेल्या माणसाची यात हमखास गल्लत होते, कारण त्याच्याकडे बूम उजव्या हाताला असते. एवढ्या लहान यंत्राने चिकणमातीत बकेट एकदम खोल रोवू नये. दात जवळपास आडवे धरून चार बोटांचा थर सोलत यावे, म्हणजे ट्रॅक्टर मागे ओढला जात नाही. स्टॅबिलायझर टेकताना मागची चाके जमिनीवरून पूर्ण न उचलता त्यांवरचा भार कमी होईल इतकेच उचलतो. काढलेली माती काठापासून दोन फूट दूर टाकतो, कारण ओल्या मातीचा ढीग चराची भिंत आत ढकलतो. सुमारे तीन फुटांवर एक गोटा लागला, तो बकेटपेक्षा रुंद होता. त्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या करून, खालून दात घालून, लोटत लोटत उताराच्या टोकापर्यंत आणला आणि तेथून लोडरने उचलला.

चर आता ४८ इंच खोल झाला असून शेडकडचा शेवटचा तुकडा तेवढा उरला आहे. तेथे उभा नळ बसवायचा आहे, त्याच्या तळाच्या छिद्रातून पाणी जिरण्यासाठी खडीचा खड्डा थोडा अधिक खोल घ्यावा लागेल. बॅकहोच्या वळणाच्या मुख्य पिनेत किंचित हालचाल जाणवते. ग्रीस भरल्यावर ती कमी होते, पण जात नाही. नळी पुरून झाली की ती पिन काढून बुशची झीज मोजणार आहे.