मुळशीचा हिरवा, वायफायसह

पावसाळ्यात शनिवारी मुळशीला जाऊ नका. पुण्याच्या चांदणी चौकातून निघालं की पिरंगुटच्या घाटात जी रांग लागते ती पौडपर्यंत पाठ सोडत नाही, आणि पुढे ताम्हिणीकडे दिसेल त्या धबधब्याखाली कुणीतरी स्पीकर लावून ठेवलेला असतो. तरी गेले, कारण पैसे भरून झाले होते. सात हजार रुपये. ‘कलाकारांसाठी निसर्ग-रिट्रीट’, धरणाच्या काठी, जेवणासकट, रंग ज्याचे त्याने आणायचे.

मी पुस्तकांसाठी आणि जाहिरातींसाठी चित्रं काढते, दिवसभर स्क्रीनवर. हल्ली हात चालायचा, पण डोळा थकला होता. झाड म्हटलं की तेच ते ठरलेलं झाड उमटायचं. वर क्लायंटचा निरोप, “ग्रीन थोडा अजून फ्रेश करा ना मॅडम.” रात्री झोप येईना. मैत्रीण म्हणाली, जरा हिरवं बघून ये.

रिट्रीटविषयी थोडक्यात सांगते. खोली दमट, पिठलं-भाकरी उत्तम, बाकी नुसतं वेळापत्रक. ध्यान, मग मौनात चालणं, मग ‘तुमच्या आतल्या झाडाला पत्र’. संयोजकांनी पडद्यावर अमेरिकेतला २०१२ सालचा एक अभ्यास दाखवला. फोन वगैरे काहीही न घेता रानात भटकायला गेलेली ५६ माणसं. काहींची सर्जनशीलतेची चाचणी निघण्याआधी घेतली, बाकीच्यांची चौथ्या दिवशी, आणि चौथ्या दिवशीवाल्यांना ५० टक्के जास्त गुण. टाळ्या पडल्या. मग त्याच पडद्यावर वायफायचा पासवर्ड आला, फोटो टाकताना रिट्रीटला टॅग करा म्हणून!

आमच्या गॅलरीला ‘लेक व्ह्यू’ अशी पाटी होती. अहो, तळं कसलं, धरण आहे ते. वीजनिर्मितीच्या या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांबरोबर इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. तरी शेतं पाण्याखाली गेली ती गेलीच. हे सगळ्या वेळापत्रकात कुणी एकदाही बोललं नाही.

पत्र न लिहिता मी मागच्या दाराने निघाले. पाऊस नुकता उघडला होता. खाली भातखाचरांत आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू होती. आठ-दहा बायका डोक्यावरून प्लास्टिकची खोळ घेऊन वाकलेल्या, मागे तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जुड्या पडलेल्या. बांधावर एक दगड बघून बसले आणि कागदावर आभाळाचा पहिला हात मारला.

तो वाळेचना. एप्रिलमध्ये पुण्यात गच्चीवर ब्रश उचलेपर्यंत रंग सुकतो. इथे हवेतच इतकं पाणी की अर्धा तास गेला तरी कागद ओलाच, आणि ओल्यावर डोंगर घातला की डोंगर आभाळात पसरणार. थांबण्यावाचून इलाज नव्हता. फोन पावसाच्या भीतीने खोलीत ठेवलेला. मग बघत बसले. नाहीतरी करणार काय?

पायाशी बांधाच्या बिळातून एक खेकडी बाहेर आली. तांबूस, एक नांगी लहान. पोट जरा उचललेलं होतं आणि त्याखाली ज्वारीच्या दाण्याएवढी पिल्लं खच्चून भरलेली. एक सुटून चिखलात पडलं आणि तुरुतुरु चालायला लागलं. ती थबकली नाही की वळली नाही. मी मात्र ते पिल्लू दिसेनासं होईपर्यंत मान वाकडी करून बसले. मान वर केली तेव्हा समोर चार तरी वेगळे हिरवे दिसले. राबात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, उभा राहिलेला तरवा जवळजवळ लिंबाच्या रंगाचा, बांधावरचं गवत थंड निळसर, मागचं रान काळपट, आणि लावून झालेलं खाचर... ते मी सरळ ट्यूबमधल्या सॅप ग्रीनने रंगवून टाकलं.

न्याहारीला बायका बांधावर आल्या. त्यातल्या एक मावशी माझ्या खांद्यावरून बघत राहिल्या.

“ह्यो आमचा खाचर व्हय ताई?”

“हो मावशी.”

“आज लावल्यालं एवढं हिरवं कसं आसंल? उपटून लावलं की मान टाकतंय ते. पिवळं पडतंय. आठ-दहा दिवसांनी धरतंय.”

मी खाचराकडे पाहिलं. खरंच, रोपं आडवी, पिवळसर, मधल्या पाण्यात आभाळच जास्त. सॅप ग्रीनमध्ये तांबूस-तपकिरी बर्न्ट सिएना घालून त्याचा भडकपणा मारला, वरून पाण्याचा हात फिरवला. मावशींनी “आता जरा बरं” एवढंच म्हटलं आणि मला अर्धी भाकरी दिली, वर लाल मिरचीचा ठेचा. कलाशिक्षणात इतका नेमका शेरा मला क्वचित मिळाला असेल.

संध्याकाळी अभिप्रायाचा कागद आला: ‘निसर्गाशी किती जोडले गेलात? एक ते दहा.’ मी ठेच्याबद्दल लिहिलं.

त्या रात्री गाढ झोपले. निसर्गामुळे की फोन लांब होता म्हणून, सांगता येत नाही. त्या ५६ जणांच्या अभ्यासकांनाही ते वेगळं काढता आलं नव्हतं, तसं त्यांनीच लिहून ठेवलंय. पडद्यावर तेवढं वाक्य नव्हतं. माझा स्वतःचा कल वाट बघण्याकडे आहे. रंग वाळत नाही तोवर डोळ्याला दुसरं काम नसतं, आणि बिनकामाचा डोळाच नीट बघतो.

आता पावसाळाभर पुण्यातल्याच वेताळ टेकडीवर जाते, जुन्या खाणीजवळ. तिथे सात हजार लागत नाहीत. टेकडीवर हिरवा बराचसा गिरिपुष्पाच्या झाडांचाच, एकसुरी, त्यामुळे बर्न्ट सिएना भरपूर लागतो. आणि कुणीतरी येऊन विचारतंच, “हे केवढ्याला जातं?”