तपकिरी डिंक

गणपतीच्या आरतीला बाबांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आमच्यापेक्षा मोठ्याने भुणभुणू लागला, तेव्हा तो पिशवीत घालून पुण्यातल्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीत नेला. दुकानातल्या मुलाने झाकण काढून आत टॉर्च मारला.

"काका, पार्ट ठीक आहेत. डिंकाने घात केलाय."

वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरांच्या बुडाशी काकवीसारखं काहीतरी वाळून बसलं होतं. असे जड डबे दोन बारीक तारांवर उभे असतात. वाहतुकीच्या हादऱ्यांनी त्या तारा तुटू नयेत म्हणून कारखान्यातच बुडाशी डिंकाचा गोळा ठेवतात. या जातीचा डिंक नवा असताना फिकट पिवळा आणि निरुपद्रवी असतो. पण वर्षानुवर्षं आतल्या उष्णतेत शेकून तो तपकिरी पडतो, मग त्यातून वीज झिरपू लागते आणि शेजारच्या तारा गंजून जातात. कुंपणाने शेत खाल्लं म्हणतात ते हेच.

"आणि ही डायलची काच कुणी चिकटवली?"

मीच. क्षणात चिकटणाऱ्या पाच रुपयांच्या गोंदाने. त्याची वाफ काचेवर बसून पांढरं धुकं धरतं, हे मला नंतर कळलं. हा गोंद 1942 साली अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूव्हरच्या हाती लागला तो बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना. जिथे तिथे चिकटतो म्हणून तेव्हा बाजूला टाकला आणि 1958 साली त्याच गुणावर बाजारात आणला. आमच्या डायलवरचे आकडे त्याने कायमचे पुसट केले.

शेजारच्या टेबलावर एका मोबाइलचा पडदा गरम पाटावर शेकत होता. ऊब लागून डिंक सैल झाला, तशी पातळ पाती सरकवून मुलाने तो अलगद उचलला. धिरडं सुटावं तसा.

"आता नवा कुठला लावणार? घरी बेसिनचं सिलिकॉन उरलंय," मी उदार झालो.

"त्याला व्हिनेगरचा वास येतो ना? मग नको. वाळताना अ‍ॅसिड सोडतं, तांब्याला खातं. आपलं बिनवासाचं वेगळं असतं."

बोलता बोलता तो जुना डिंक खरवडत होता. खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर तपकिरी भुकटीचा छोटासा ढीग झाला. मी नीट बघायला वाकलो, तेवढ्यात टेबलावरचा पंखा फिरून आमच्याकडे वळला आणि मला सटासट दोन शिंका आल्या.