पिवळ्या डोळ्यांचं ते घुबड

चार दिवस झाले तरी डोक्यातनं जात नाहीये म्हणून लिहितेय. त्या दिवशी संध्याकाळी मी आणि ताई गाडीनं परत येत होतो, कडाक्याची थंडी, काचेवर सारखी वाफ धरत होती, रस्त्याच्या दोन्ही अंगाला नुसतं वाळलेलं गवत आणि दिवस मावळायला आलेला. तेवढ्यात डावीकडं गवताच्या अगदी वरनं काहीतरी तपकिरी, लांब पंखांचं तरंगत गेलं. मला वाटलं भोवत्या (हॅरियर, एक शिकारी पक्षी) असेल, कारण थंडीत तोही गवताळ रानात असाच खालनं उडत भक्ष्य शोधत असतो. पण ताई एकदम म्हणाली, "अगं मान बघ ना, मानच नाहीये त्याला!"

खरंच, डोकं मोठं, गोल आणि पुढनं चपटं. पंखांची हालचालही वेगळी, खोल आणि संथ, मधेच हेलकावा, दिव्याभोवती फिरणाऱ्या पतंगासारखी. मागे कुणी नाही बघून गाडी रस्त्याखाली घेतली, इंजिन बंद केलं आणि काच हळूच खाली केली. ते एक गिरकी घेऊन कुंपणाच्या खांबावर येऊन बसलं आणि आमच्याकडं वळून बघितलं. आई शप्पथ, ते डोळे! पिवळेधमक, आणि भोवती काळं, अगदी काजळ फासल्यासारखं. गव्हाणी घुबडाचे डोळे काळे असतात, म्हणजे हे ते नव्हतं. हे आखूड कानाचं घुबड, शॉर्ट इअर्ड आउल!

कान म्हणतात ते खरं तर डोक्यावरचे पिसांचे दोन इवलेसे तुरे, बहुतेक वेळा दिसतही नाहीत. ऐकायचे खरे कान चेहऱ्याच्या पिसांखाली असतात, आणि गवताखालच्या उंदराची खुसपूस त्यांनीच टिपता येते. पक्षी उभा सवा फुटाच्या आसपास, पण पंख पसरले की जवळजवळ एक मीटर. वजन मात्र साधारण तीनशे-चारशे ग्रॅम, म्हणून तर इतकं हळू उडूनही खाली पडत नाही!

आइसलँडपासून हवाई, गॅलापागोसपर्यंत हे सापडतं, फक्त ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकात नाही. म्हणजे जगाच्या हिशेबात दुर्मिळ नाही, पण बघायला मिळणं फार नशिबाचं. कारण याचं सगळं गवतावर अवलंबून. घरटं जमिनीवर, थंडीत दिवसाची झोपही बहुतेक गवतातच. बाकी बऱ्याच घुबडांना झाडाची ढोली तरी असते, याच्या पायाखालचं गवत नांगरलं किंवा जाळलं की याला जायला जागाच नाही, आणि पडीक जमीन म्हणून सगळ्यात आधी जातं ते गवतच, याचं मला फार वाईट वाटतं.

ताई फोटोसाठी दार उघडणार होती, मी तिचा हात धरला. गाडीला पक्षी फारसे बिचकत नाहीत, पण माणूस खाली उतरला की उडालेच समजा, आणि एवढ्या थंडीत त्याला उगाच उडवणं म्हणजे त्याच्या शिकारीची ताकद वाया घालवणं. फ्लॅश तर नकोच. मग दोघी नुसत्या बसून राहिलो, बोटं गार पडलेली, पण काच वर करायची इच्छा होईना.

दहाएक मिनिटांनी ते उठलं आणि थेट आमच्या बॉनेटपुढनं, काचेच्या उंचीनं रस्ता ओलांडून गेलं. आवाज शून्य. तेव्हा पोटात धस्स झालं. रस्त्याकडेच्या गवतात उंदीर असतात म्हणून ही घुबडं रस्त्यालगतच फिरतात, एवढ्या खालनं उडतात, आणि वेगातल्या गाडीला धडकून मरतात. आम्ही चालत्या गाडीत असतो तर? ताई काही बोलली नाही, पण तिच्याही मनात तेच असणार.

अंधार पडला तसे हेडलाइट लावले, आणि गवत संपेपर्यंत गाडी तीसच्या वर नेली नाही, ताई पूर्ण वेळ पुढं वाकून दोन्ही कडा बघत होती.