कोऱ्या रकान्याची गोष्ट

गेल्या खेपेला सॅफच्या, म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाच्या, मुलींच्या स्पर्धेबद्दल विचारणाऱ्या दोघी-तिघींना फोनवर सांगून दमले, म्हणून एकदाच लिहून टाकते. खेळाबद्दल मला फार कळत नाही. कागदांबद्दल मात्र आता कळतं.

माझी मुलगी सई कोल्हापुरातच वाढली, म्हणजे फुटबॉल पेठेतूनच आला. शाहू स्टेडियमवर तालमींच्या, म्हणजे पेठांतल्या क्लबांच्या, मॅचेस बघायला तिचे बाबा तिला खांद्यावर घेऊन जायचे. जून 2023 मध्ये तिच्या फुटबॉलच्या सरांनी सांगितलं, "वहिनी, पोरीचा पासपोर्ट काढून ठेवा. पुढच्या वर्षी सोळाखालच्या मुलींची सॅफ नेपाळमध्ये आहे, निवड चाचणी कधीही लागेल." मी म्हटलं, नेपाळला व्हिसासुद्धा लागत नाही, मग पासपोर्ट कशाला? तर म्हणे देशाकडून खेळायचं तर खेळाडूचं नाव, जन्मतारीख, नागरिकत्व सगळं त्यावरूनच धरतात.

पासपोर्टसाठी जन्मदाखला बाहेर काढला. पातळ, पिवळट कागद, प्लॅस्टिकच्या पिशवीला चिकटलेला. आईचं नाव आहे, वडिलांचं आहे, तारीख ऑगस्ट 2008. 'बालकाचे नाव' ह्या रकान्यात एक आडवी रेघ.

बाळंतपण माहेरी झालं होतं. आरोग्य केंद्राने जन्म कळवला तेव्हा बारसं व्हायचं होतं, आणि बारशानंतर नाव घालायला कोणी गेलंच नाही. तिच्या मोठ्या भावाचा दाखला नावासकट तयार होता. तो सासऱ्यांनी स्वतः जाऊन आणला होता.

माहेरच्या ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवकांनी रजिस्टर काढलं, बोट सरकवत ओळ शोधली आणि म्हणाले, "ताई, नोंद आहे की. पण पंधरा वर्षं कधी पुरी होणार?" जन्माच्या नोंदीत नाव नंतर घालता येतं, पण पंधरा वर्षांच्या आतच. पहिल्या वर्षात फुकट, पुढे विलंब शुल्क भरून. आमच्याकडे उरले होते दोन महिने. म्हणजे सर दिवाळीनंतर बोलले असते तर?

शाळेचं बोनाफाईड, आम्हा दोघांचं आधार, शंभराच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र. पहिल्या फेरीत साहेब नव्हते, दुसऱ्या फेरीत सर्व्हर नव्हता. तिसऱ्या फेरीला टायपिंग करणाऱ्या मुलाने विचारलं, "इंग्रजी स्पेलिंग काय घालू?" आणि मी गप्प. शाळेत तिचं नाव एस-ए-आय, आधारवर एस-ए-ई-ई. घरात आम्हाला कधी फरक पडला नाही, मराठीत सई ती सई. पण शाळेचं स्पेलिंग दिल्लीत बसलेला माणूस 'साई' असंच वाचणार. मी आधारचं घालायला सांगितलं आणि त्याप्रमाणे शाळेचं रजिस्टर दुरुस्त करून घेतलं. कुणाला सल्ला द्यायचा तर एवढाच: स्पेलिंग आधी घरी बसून ठरवा, काउंटरवर नको. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं.

ह्यात एक गोष्ट नशिबाने बरी झाली. जन्माची नोंद जन्मानंतर लगेचचीच होती. वयोगटाच्या स्पर्धेत आधी नोंदणीची तारीख बघतात, आणि बारा-चौदा वर्षांनी काढलेल्या दाखल्याकडे संशयाने बघतात. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय अजमावायची टीडब्ल्यू-3 चाचणी आहे, सईची लहानपणी एका स्पर्धेला झालीही होती. पण मुलींची हाडं मुलांपेक्षा लवकर भरतात, पंधराच्या आसपास ती चाचणी बोलायची थांबते. पुढे सगळा भार त्या पिवळ्या कागदावर.

दाखला हातात येईपर्यंत ऑगस्ट उलटला. उशिराचा एवढाच फायदा: पंधरा पूर्ण झाल्यावर दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो. पंधराच्या आत काढला असता तर पाच वर्षांचा मिळाला असता, तोही अठरा पुरी होतील तेव्हा संपणारा. पाचशे रुपये जास्त भरले, पंधराशे. परिशिष्ट डी नावाच्या संमतीपत्रावर आई-वडील दोघांची सही लागते, ह्यांनी त्यासाठी अर्धा दिवस रजा टाकली. पासपोर्टचं काम मात्र सरळ झालं. ज्या टप्प्याची मला धास्ती होती, तोच सगळ्यात सोपा निघाला.

चाचणीला सई गेली. दोन दिवस खेळली आणि परत आली. पहिल्या कापणीतच नाव गेलं. बसमधून उतरल्यावर म्हणाली, "आई, तिथल्या पोरी बॉल यायच्या आधीच मान वळवून बघतात." त्यापलीकडे काही नाही.

10 मार्च 2024 ला नेपाळमधल्या ललितपूरची सॅफची फायनल आम्ही मोबाईलवर बघितली, आवाज बारीक करून, कारण आजी झोपल्या होत्या. चारच देश: नेपाळ, भूतान, बांगलादेश आणि आपण. भारताने सुरुवातीलाच गोल केला, बांगलादेशने बरोबरी साधली, आणि पेनल्टीत आपण 3-2 ने हरलो. सई पूर्ण वेळ गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. शेवटची पेनल्टी अडवली गेल्यावर ती म्हणाली, "गोलकीपरने हलायला घाई नाही केली," आणि उठून दात घासायला गेली.

त्यानंतर मी तिच्या टीममधल्या पाच पोरींच्या आयांना दाखले घेऊन घरी बोलावलं. चहा ठेवला, कागद सतरंजीवर पसरले. पाचपैकी दोघींच्या रकान्यात तीच आडवी रेघ. एकीला पंधरा पूर्ण व्हायला चार महिने आहेत, आणि तिची आई विचारत होती, "हे आत्ताच करायला पाहिजे का?" सोमवारी सकाळच्या गाडीने मी तिच्याबरोबर तिच्या माहेरच्या गावी जाणार आहे. स्पेलिंग आज रात्री फोनवर ठरवायचं आहे.