एकच वर्ट, घरोघरचे विरजण

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातल्या पहिल्या उन्हाळ्यात शेजाऱ्याने मला एका लहान ब्रुअरीच्या, म्हणजे बिअरच्या कारखान्याच्या मागच्या दाराशी नेले, तेव्हा तिथे रिकाम्या बादल्या घेऊन उभी असलेली माणसे पाहून मला नागपुरातल्या आमच्या महाल भागातली नळावरची रांग आठवली. इथे मिळत होते ते वर्ट, म्हणजे बिअर होण्याआधीचा गोड रस. मोड आणून वाळवलेले सातू (जव) भरडून सुमारे ६६ अंशांच्या पाण्यात तासभर मुरवले की त्यातल्या स्टार्चची साखर होते. मग तो रस गाळून हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी एका वेलीची फुले घालून उकळतात. आईला फोनवर हे सांगितले, तर ती म्हणाली, "हे तर नाचणीचं सत्त्वच झालं ना बाप्पा!" मोड, वाळवण आणि भरड इथपर्यंत तिचे अगदी बरोबर होते.

वर्टमध्ये अल्कोहोल नसते. ते घरी यीस्ट घातल्यावर तयार होते. प्रत्येकाने पाच गॅलन, म्हणजे १९ लिटर न्यायचे, आपल्या पसंतीचे यीस्ट घालायचे आणि दीड महिन्याने बाटल्या घेऊन परत यायचे, असा तिथला रिवाज. दूध एकाच गवळ्याचे असले तरी दही घरोघरच्या विरजणाप्रमाणे लागते, तसाच हा प्रकार. (अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरला मोकळीक मिळाली, दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, तेही विकायचे नाहीत. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हा उद्योग गुन्हा ठरतो, तेव्हा नागपूरकरांनी वाचूनच समाधान मानावे.)

मी गव्हाच्या जर्मन बिअरचे यीस्ट घेतले. लॅक्टोमीटरचा भाऊ शोभेल अशा हायड्रोमीटरवर घनता १.०५० भरली, ती साखरेचे अल्कोहोल होत गेल्याने दोन आठवड्यांत १.०१२ वर उतरली; म्हणजे अल्कोहोल साधारण पाच टक्के. चूक झाली ती दुसरीकडेच. मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसलेल्या माणसाला २६ अंशांचे स्वयंपाकघर गारच वाटते, म्हणून बादली मी तिथेच ठेवली. पण हे यीस्ट उष्णतेत केळ्यासारखा वास भरमसाट सोडते आणि आंबताना रस स्वतःही तापतो. चाखण्याच्या दिवशी शेजाऱ्याची, तळघरात १८ अंशांवर इंग्लिश यीस्टने आंबवलेली बिअर भाजलेल्या पावासारखी खमंग लागली. माझी बाटली उघडताच टेबलाभर शिकरणाचा वास पसरला. लोकांनी सभ्यपणे एकेक घोट घेतला, दुसरा कोणी मागितला नाही.

पुढच्या वर्षी यीस्ट तेच घेतले, मात्र बादली पाण्याच्या परातीत ठेवून तिला ओला पंचा गुंडाळला आणि समोर पंखा लावला. हवा कोरडी असल्याने पारा १९ अंशांवर आला. शेजाऱ्याने विचारले, ही युक्ती कुठल्या पुस्तकातली. मी त्याला आमच्या खिडकीतल्या, वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरचा फोटो दाखवला. त्या खेपेला केळे मागे हटले आणि त्याच यीस्टची लवंगेसारखी चव पुढे आली, आणि माझ्या सगळ्या बाटल्या तिथेच संपल्या.